दोन बोटं उंच पिकअप आणि वावराची वाट

बुलढाणा जिल्ह्यात सहा दिवस राहून आले म्हटल्यावर इथं पुण्यात जो तो दोनच प्रश्न विचारतो. शेगावला दर्शन झालं का, आणि लोणारचं सरोवर पाहिलं का. दर्शन झालं, रांगेत उभं राहून झालं. लोणार राहिलं. त्याऐवजी काय पाहिलं, तर एका जुन्या पिकअपचं पोट, एक पांदण रस्ता आणि धाड गावच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीचे हात. एवढं ऐकलं की लोक विषय बदलतात. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच टाकावं.

नोकरीची एकतीस वर्षं मी गाड्यांच्या सस्पेन्शनची चाचणी घेण्यात काढली. रस्त्याचा दणका गाडीतून माणसापर्यंत किती पोचतो ते मोजायचं, हे माझं काम. निवृत्त झाले आणि मला कोणी काही विचारेनासं झालं. सोसायटीच्या लिफ्टबद्दल विचारतात फक्त. अशात वनिताचा फोन आला. वनिता माझी मावसबहीण, माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, जानेफळच्या बाजूला दिलेली. गावाचं नाव लिहू नको म्हणून तिनं बजावलंय, तेव्हा ते लिहीत नाही.

"ताई, मले गाडी उंच करून पाह्यजे," ती म्हणाली.

तिची गोष्ट अशी. दोन वर्षांपूर्वी तिचे यजमान भास्करराव कापसानं भरलेल्या भाड्याच्या गाडीवर बसून वावरातून येत होते. पांदणीत, म्हणजे वावरांच्या मधून जाणाऱ्या वाटेत, एक चाक दगडावर चढलं, गाडी कलली आणि ते वरून खाली आले. पाठीचे मणके गेले. तेव्हापासून ते बाजेवर. वनितानं जुनी पिकअप घेतली, चालवायला शिकली, भाजी बाजारात नेऊ लागली. भास्कररावांनी दोन वर्षांत स्वतःचं वावर पाहिलेलं नाही. यंदा मात्र त्यांनी हट्टच धरला होता, सीतादहीला मी वावरात येणार. तिकडे कापसाच्या पहिल्या वेचणीला हात घालण्याआधी झाडाखाली पाच खडे मांडतात, कुंकू लावतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवून तो भात वावरात शिंपडतात. त्याला सीतादही म्हणतात. डॉक्टरांनी सांगितलं होतं, नेता येईल, पण दणका बसता कामा नये.

पिकअप आणि दणका बसता कामा नये. रिकामी पिकअप खराब वाटेवर कशी उडते हे ज्यानं अनुभवलंय त्यालाच यातली गंमत कळेल.

मी पंधरा दिवस कागद घेऊन बसले. पांदणीतल्या त्या दगडाची उंची वनिताकडून टेप लावून दोनदा मोजून घेतली. चाकांचं माप घेतलं, मागच्या गोळ्याखाली, म्हणजे डिफरन्शियलखाली, किती जागा आहे ते विचारलं. गणिताचं उत्तर आलं, सहा इंच. गाडी सहा इंच उचलायची. एक्सलवर ठोकळे, लांब बोल्ट, मोठे टायर, नवे शॉकअप. सगळं नीट काढलं, गुंडाळी केली आणि काखोटीला मारून निघाले.

शेगाव

आगगाडी सकाळी पोचली. स्टेशनातच कचोरी खाल्ली. शेगावची कचोरी आपल्याकडच्यासारखी फुगीर नसते, चपटी असते, आणि तिच्याबरोबर तळलेली मिरची देतात. मी दोन खाल्ल्या. दर्शन करून बाहेर आले तर वनिता रस्त्याच्या कडेला पिकअपच्या टायरला लाथ मारून हवा पाहत होती. साडीचा पदर कमरेला खोचलेला, पायात पुरुषी चपला. लहानपणी ही पोरगी पुण्याला आली की बसच्या भीतीनं माझा हात सोडत नसे.

खामगाव मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना काळी जमीन सुरू झाली. मी काळी माती पाहिली नव्हती असं नाही, पण इतकी सलग, इतकी उघडी काळी जमीन आणि तिच्यावर फुटलेला पांढरा कापूस पाहून मी पाच-दहा मिनिटं गप्प बसले. हे माझ्या बाबतीत क्वचित होतं. घरांच्या भिंतींवर बियाण्याच्या जाहिराती रंगवलेल्या. प्रत्येकीवर एक हसरा शेतकरी आणि त्याच्या डोक्याएवढं बोंड.

जानेफळच्या अलीकडे वनितानं गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"ताई, एक सांगून राह्यली. कोनाले बोलू नको."

"बोल."

"वावरात कपाशी नाही."

मला कळेना. ती समोरच्या काचेकडे बघत सांगत होती. सात एकरांत कपाशीचे फक्त सहा तास होते, सहा ओळी, त्याही पांदणीच्या कडेला. बाकीच्यात तूर. उडीद काढून तिथं हरभरा टाकला होता. विहिरीपाशी वांगी, मिरची आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर.

"भास्कररावांना?"

"त्याईले सांगतलंच नाही. मिरगात म्हने, पूर्‍या सात एकरात कपाशीच लाव. हाव म्हनलं अन् नाही लावली. दोन वर्षं बोंडअळीनं खाल्लं, ताई. बीटीले अळी लागत नाही म्हनत होते. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. तरी त्याईचं मन कपाशीतच. बीटी आली त्या सालात कपाशीच्या पैशात आमच्या घराचा स्लॅब टाकला होता, थेच धरून बसले. आता सकाय झाली की इचारते, कळ्या-पात्या लागल्या का, फुलं किती हायेत. मी सहा तासातलं सांगते. थे सात एकरातलं समजते."

"आणि गाव?"

"गाव मह्यासाठी खोटं बोलते."

मी म्हटलं, अगं मग तू त्यांना तिथं नेतेस कशाला? तुझ्याच गाडीतून तुझीच लबाडी दाखवायला?

"नेलं नाही तर थे झिजून जातीन," ती म्हणाली आणि चावी फिरवली.

आयुष्यात मी पुष्कळ धीट माणसं पाहिली, त्यातली बरीच मीटिंगमध्ये धीट असतात. ही बाई आपली चोरी उघडी पाडणारी गाडी स्वतः उंच करून मागत होती. मला तिचा अभिमान वाटला आणि तिची भीतीही वाटली.

घरी पोचलो तर मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस. गेल्या सालचा. भाव वाढेल म्हणून ठेवला, भाव खालीच गेला. त्या कापसाची खाज अशी की पहिल्याच दिवशी माझे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल झाले. भास्कररावांची बाज दारापाशी होती. हसरा माणूस, आवाज मोठा. पाय नुसते असायचे म्हणून असलेले.

"या ताई. पुन्याहून गाडीचा डॉक्टर आला म्हना."

जेवायला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा. आम्ही पुण्यात ज्याला ठेचा म्हणतो ते लोणचं आहे, असं माझं आता मत झालंय. शेजारचे धोंडूभाऊ जेवणानंतर येऊन टेकले. त्यांचं वावर पांदणीवरच, यांच्या बांधाला लागून. भास्कररावांनी लगेच विचारलं, कपाशी कशी हाय? धोंडूभाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले, "जोरात हाय भाऊ, जोरात." चांगला माणूस खोटं बोलताना फार वाईट दिसतो.

धाड

दुसऱ्या दिवशी चिखलीवरून धाडला गेलो. बाजाराचा दिवस होता. जीपवर माणसं, जीपच्या मागं माणसं, एका जीपवर दोन बोकड. वनिताला कोणीतरी सांगितलं होतं, कमानपाट्यांचं काम करायचं तर धाडच्या याकूबचाचांकडे जा. कमानपाटे म्हणजे मागच्या चाकांवर एकावर एक बांधलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्या. त्या वाकतात आणि दणका गिळतात.

याकूबचाचा सत्तरीचे असावेत. रस्त्याकडेच्या निंबाखाली भट्टी, ऐरण, आणि चष्म्याच्या काडीला बांधलेला दोरा. मी माझी गुंडाळी त्यांच्यासमोर उलगडली. त्यांनी ती चार कोपऱ्यांवर चार नट ठेवून पसरली आणि अगदी मन लावून पाहिली. मला बरं वाटलं.

"कोनी काढलं हे?"

"मी."

"चांगलं काढलं बाई. पन याच्यात रस्ता कुठं हाय?"

मी म्हटलं, दगडाची उंची घेतलीय ना, ही बघा.

"हा दगड झाला. रस्ता पाह्यल्याबिगर मी पाट्याले हात लावत नसतो."

वनिता म्हणाली, चाचा, रस्ता इथून लय दूर हाय, जानेफळच्या पुढं. चाचांनी दुकानावर ताडपत्री ओढली, घरात जाऊन एक पिशवी आणली आणि पिकअपमध्ये पुढं येऊन बसले. मी मधे. तीन तास माझ्या गुडघ्यात गिअर. आमच्याकडे सर्व्हिस सेंटरला फोन केला तर आधी दहा आकडी नंबर मागतात, आणि हा माणूस गाडी ज्या वाटेनं जाणार ती वाट बघायला शेजारच्या तालुक्यापलीकडे निघाला होता.

वाटेत मी विचारलं, सगळ्यांचा रस्ता बघता? म्हणाले, "ज्याची गाडी सडकेनं चालते त्याचा काय पाहाचा. ज्याच्या गाडीत मानूस झोपून जाते त्याचा पाहा लागते." मग धाडपासून चिखलीपर्यंत ते मला ऊसतोडीच्या गाड्यांबद्दल सांगत होते. मी एकतीस वर्षांत ऐकलं नव्हतं असं त्यात बरंच होतं.

पांदण

सकाळी चाचांनी वनिताकडून पितळेचा गडवा मागून घेतला. त्यात काठोकाठ पाणी भरलं आणि रिकाम्या पिकअपच्या हौद्यात मांडी घालून बसले, गडवा दोन्ही तळव्यांत. "नेहमी चालवते तशी चालव," म्हणाले. मी मागं त्यांच्यासमोर फळीला धरून. पांदण दीड-दोन किलोमीटरची. दोन्ही बाजूंना बोरी आणि हिवर, मधे पावसात पडलेल्या चाकोऱ्या उन्हानं वाळून दगडासारख्या झालेल्या. शंभर पावलं गेलो नाही तोच चाचांचा सदरा भिजला. वावर आलं तेव्हा गडव्यात घोटभर पाणी उरलं होतं.

"मानूस याच्याहून जास्त सांडते," ते म्हणाले आणि उरलेलं पिऊन टाकलं.

हेच मोजायला माझ्या विभागात एक आख्खी खोली होती, वातानुकूलित.

मग परत चालत निघालो. चाचा चप्पल काढून चालत होते. प्रत्येक चाकोरीत पाय घालून बघत, काही ठिकाणी वीत लावत. तो दगड आला. वाटेच्या मधोमध, अर्धा जमिनीत, वरचा भाग गाड्यांच्या घासण्यानं गुळगुळीत झालेला. चाचा त्याच्यावर बसले.

"हा किती सालाचा हाय इथं?"

"पहिल्यापासूनचा," धोंडूभाऊ म्हणाले. ते त्यांच्या वावरातून आमच्यामागं आले होते.

"मंग काढला काऊन नाही?"

धोंडूभाऊंनी डोकं खाजवलं. पांदण काय एकाची हाय का, म्हणाले. तीस जणांचे वावर हायेत मागं. काढाले गेलं की म्हनतीन, याले काऊन पुळका आला, जमीन दाबून राह्यला का. एकानं ट्रॅक्टर उंच घेतला, एकानं टायर मोठे टाकले, कोणी बांधावरून वळसा घेतो. प्रत्येकानं आपापली गाडी उचलली होती. दगड तिथंच.

वनिता म्हणाली, "याच्यावरच चढलं होतं चाक, त्या दिशी. मी रोज जाते याच्यावरून, वाकडं घेऊन."

तिचा आवाज साधा होता, पण मला माझीच लाज वाटली. या दगडाची उंची मी फोनवरून दोनदा मोजून घेतली होती. त्याच्यासाठी पंधरा दिवस गणित केलं. तो निघेल का, एवढा एक प्रश्न मला सुचला नव्हता. पुण्याच्या इंजिनिअरनं आणि बुलढाण्याच्या गावानं अगदी एकसारखी चूक केली होती.

वनिता विहिरीवरच्या खोपीतून पहार घेऊन आली. पहिला घाव तिनंच घातला. तीन-चार झाले असतील, धोंडूभाऊंनी तिच्या हातून पहार घेतली. मग बाजूच्या वावरातून दोघं आले, कोणी कुदळ आणली, आणि बोलता बोलता दगड हलला. निघाला तेव्हा केवढा मोठा होता तो, वर दिसत होता त्याच्या तिप्पट. चौघांनी ढकलून बांधाला लावला. खड्ड्यात मुरूम टाकला आणि धुमसून घेतला. तासभरही लागला नाही. सगळे एकमेकांकडे बघत होते. मग एकजण म्हणाला, "लेकाचं, एवढंच होतं काय बे." आणि सगळे हसले. वनिता हसली नाही.

चाचांनी माझ्या कागदाकडे बोट केलं. "तुमचे सहा इंच होते ना? आता दोन बोटं पुरतीन. जास्त उंच केली की गाडी झुलते, मंग लोड भरला की पलटते."

खरं होतं ते. सहा इंच उचललेली गाडी भाजी भरून वळली असती तर काय झालं असतं, हे मला माहीत असायला हवं होतं.

गाडी घ्यायला परत गेलो तेव्हा वनितानं मला वावर दाखवलं. सहा तास कपाशी आणि तिच्यापलीकडे उभी तूर, पिवळी फुलं नुकती धरलेली. संध्याकाळी भास्कररावांनी मला पकडलंच. "ताई, तुमी तर पाह्यलं. एका झाडाले बोंडं किती लागले हो?" मी एका झाडाची मोजली होती. आकडा सांगितला. ते समाधानानं डोळे मिटून पडले. मी उठून मोरीत गेले आणि उगाचच तोंड धुतलं.

पुन्हा धाड

पाटे सोडवायला एक सकाळ गेली. चाचांनी प्रत्येक पाटा तारेला टांगून हातोडीनं हलकेच वाजवला. कानामागं हात धरून. तिसरा वाजला तेव्हा मान हलवली. मी म्हटलं, सगळे सारखेच वाजतात की. त्यांनी तो रॉकेलनं पुसला, वर चुना घासला आणि थांबले. चुन्यावर केसाएवढी ओली रेघ उमटली. तडा. आम्ही याच कामासाठी परदेशी द्रव मागवत होतो.

मग भट्टी पेटली. हे मात्र मी कसं सांगू कळत नाही. पाटा तापून पळसाच्या फुलाच्या रंगावर आला की ते बाहेर काढत आणि ऐरणीवर बाक द्यायला लागत. माप नाही, साचा नाही. एक घाव, मग डोळ्यासमोर धरून बघायचं, मग दुसरा घाव. मी माझी पट्टी काढून दोन्ही बाजूंचे पाटे शेजारी ठेवून मोजले. फरक सापडेना. दोनदा मोजले. चाचा चहा पीत माझी गंमत बघत होते. मला आनंदानं गहिवरून आलं, खरंच सांगते. ज्या कामात आयुष्य घालवलं ते काम इतकं सुंदर आहे हे मला कोणी दाखवलंच नव्हतं.

त्यांची योजना अशी होती. खालचे मुख्य पाटे मऊ, एक पाटा कमी केलेला. त्यांच्यावर थोडं अंतर सोडून दोन कडक पाटे, मदतीचे. गाडीत भाजीचा पूर्ण लोड पडला की मऊ पाटे बसतात आणि कडक पाट्यांना टेकतात. म्हणजे वनिताचा धंदाही चालेल. मला शॉकअप निवडू दिले. आणि एक अडचणही माझ्याकडे ढकलली.

"रिकामी गाडी थोडी तरी उडनारच. वजन पाह्यजे. पन इतकंच की मदतीचा पाटा टेकला नाही पाह्यजे, टेकला की दनका बसते. तुमी गनितवाल्या हा. सांगा किती."

आल्यापासून मला पहिल्यांदा कोणी कामाचं काही विचारलं. मी निंबाखाली माझ्याच नकाशाच्या पाठीवर गणित केलं. मऊ पाटे वाकायला हवेत, मदतीच्या पाट्याला टेकायला एक बोट बाकी राहायला हवं. उत्तर आलं, सहा क्विंटल. चाचांनी मनाशी काहीतरी पुटपुटून मान डोलावली.

"मातीची पोती खाली," ते म्हणाले, "अन् वर कापूस. घरात भरला हाय ना आढ्याले लागून. मानूस त्याच्यात रोवून बसवा."

सीतादही

चाचाही आमच्याबरोबर आले. आपलं काम पाहायचं होतं म्हणाले. सकाळीच पोती आणि कापूस भरून आम्ही पांदणीतून एक फेरी मारली, पुन्हा तो गडवा घेऊन. परत आलो तेव्हा चाचांचा फक्त अंगठा ओला होता. त्यांनी तो मला दाखवला.

भास्करराव मात्र कापूस पाहून बिथरले. "घरात आलेली लक्ष्मी वावरात वापस नेतं का कोनी? लोकं काय म्हनतीन?" वनितानं खूप समजावलं. शेवटी धोंडूभाऊ म्हणाले, अरे, यंदाच्या कपाशीले मागच्या सालची कपाशी भेटाले जाऊन राह्यली समज. ते त्यांना पटलं की नाही कोण जाणे. पण मग म्हणाले, उचला.

पाच जणांनी त्यांना एका लांब फळीवर निजवून वर घेतलं आणि कापसात बसवलं. छातीपर्यंत कापूस. मी एका बाजूला, चाचा दुसऱ्या बाजूला. वनिता गाडी चालवत होती, माणूस चालतो तेवढ्या वेगानं. गाडी हलली तसा भास्कररावांनी चाचांचा दंड धरला. हा माणूस कापसाच्या गाडीवरूनच पडला होता, आणि आम्ही त्याला पुन्हा कापसात बसवलं होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्यांचा चेहरा घामानं भिजला. गाडी चाकोऱ्यांतून नुसती वरखाली होत होती, झोपाळा सावकाश थांबताना होतो तशी.

"दगड आला का?" त्यांनी विचारलं.

"मागं राहिला. काढला तो," मी म्हटलं.

"कोनी?"

"वनितानं पहार आणली. मग सगळ्यांनी."

त्यांनी चाचांचा दंड सोडला आणि वर आभाळाकडे बघत राहिले.

वावरात त्यांना खोपीतल्या बाजेवर घेतलं आणि पहिल्या तासाशी ठेवलं. पाच खडे मांडले, कुंकू लावलं. वनितानं दहीभाताची पातेली पुढं केली. त्यांनी हात जोडले, बोंडातला कापूस स्वतःच्या बोटांनी काढला, दोन वर्षांनी. हुंगला. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. मला वाटलं, एवढ्यावर निभावलं. कपाशीच्या सहा तासांपलीकडे आडव्या पडलेल्या माणसाला काही दिसत नव्हतं. परत फिरलो असतो तर कोणालाच काही कळलं नसतं.

"मले मधात न्या," भास्करराव म्हणाले. "पूरं वावर पाहाचं हाय."

धोंडूभाऊंनी वनिताकडे पाहिलं. चौघं बाज धरून उभे होते, तेही तिच्याचकडे बघत होते. थकले असाल, ऊन झालं, परत कधी येऊ, असं काहीही म्हणता आलं असतं तिला. मी मनातल्या मनात तिला ते सुचवत होते.

"न्या," ती म्हणाली.

सहा तास ओलांडले आणि तूर लागली. खांद्याएवढी, पिवळ्या फुलांची, पार त्या टोकाच्या बांधापर्यंत. बाज खाली ठेवली. भास्करराव बराच वेळ एका फांदीला हात लावून होते.

"कपाशी कुठं हाय?"

"थे सहा तासच हायेत. बाकी नाही लावली."

"बी आनलं होतं."

"वापस केलं." तिचे हात पदरात होते. "अळी खाऊन राह्यली होती तुमाले अन् मले. म्या खोटं बोलली तुमच्याशी. रोज बोलली."

ते धोंडूभाऊंकडे वळले. "तू पेरलं हे?"

"नाही गा भाऊ. वहिनी मले म्हने पेरून दे. म्या नाही म्हनलं. तुह्या शब्दाबाहेर म्या कसं पेरू?"

"मंग तिफन कोनी धरली?"

तिफन म्हणजे बैलांनी ओढायचं पेरणीचं अवजार. तिकडे बाई चाड्यावर, म्हणजे बी पेरायच्या नरसाळ्यावर, मूठ धरते, बी सोडते. तिफन पुरुषानं धरायची. बाईनं धरली असं त्या गावात कोणी पाहिलं नव्हतं.

"म्या," वनिता म्हणाली. "भावाची बैलजोडी आनली. एकटीनंच केलं."

भास्करराव म्हणाले, मले उठवा. चाचांनी आणि मी पाठीमागून आधार देऊन त्यांना बसतं केलं. त्यांनी एक डोळा मिटला आणि तुरीच्या एका तासातून पार बांधापर्यंत नजर लावली. मग पुढच्या तासातून. मग त्याच्या पुढच्या. चाचा पाटा डोळ्यासमोर धरून बघत, तितक्याच सावकाश. माझे हात भरून आले तरी ते बघतच होते.

"तास सरळ हायेत," ते म्हणाले.

वनिता होती तिथंच तुरीत खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. मीही रडले, लपवायचं काय त्यात. धोंडूभाऊ तोंड फिरवून उभे राहिले.

"अवो, रडते काय," भास्करराव म्हणाले. त्यांचाही आवाज फाटला होता. "दहीभात आन. इकडल्या बाजूनं शिंपाचा राह्यला."

ती उठली, पातेली घेतली, आणि त्या तासातून भात शिंपत पार त्या टोकाच्या बांधापर्यंत गेली.